विंडोज १० चा जुना पीसी, एनटीएफएसची डिस्क आणि घरचा लुआंटी सर्व्हर: सुरुवात कुठून?

लोकमान्य_नगर_२ (इंदूर)
मंडळी, मशीन असं: आय५-७४००, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय, २४० जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क. प्रोसेसर सातव्या पिढीचा, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एसएसडीवर लिनक्स मिंट २२ टाकलंय.

स्टीमचे खेळ हार्ड डिस्कवर आहेत, ती एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) आहे. लायब्ररी दिसते, पण ‘प्ले’ दाबलं की दोन सेकंदांत सगळं गप्प. दुसरं म्हणजे, कॉलनीतल्या आठ-दहा जणांसाठी घरूनच लुआंटीचा (माइनक्राफ्टसारखे खेळ चालवणारं मोफत इंजिन) सर्व्हर चालवायचाय. जाहिराती नकोत, वर्गणी नको. गप्पांना डिस्कॉर्ड बरं की मंबल (स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं बोलण्याचं अ‍ॅप)? गप्पा मराठीतच होणार.

पोहे_टर्मिनल (इंदूर)
दोष खेळांचा नाही, डिस्कचा आहे. प्रोटॉन (विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारा स्टीमचा भाग) प्रत्येक खेळासाठी ‘कॉम्पॅटडेटा’त एक छोटं खोटं विंडोज उभं करतो. त्यात ‘सी:’ आणि ‘झेड:’ अशा नावांचे सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) असतात, आणि विंडोजच्या नियमांत फाइलच्या नावात अपूर्णविराम बसत नाही, म्हणून एनटीएफएसवर गडबड होते. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलं असेल तर ते पीसी बंद करतानाही डिस्क अर्धवट झोपवतं. मग लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती जोडतो.

विंडोजकडे परत जायचं नसेल तर डेटा दुसरीकडे हलवा आणि डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-पद्धत) करा. यात लोक तीन ठिकाणी अडकतात. फॉरमॅटनंतर डिस्कचा मालक रूट (सिस्टमचं मुख्य खातं) असतो. मालकी स्वतःच्या नावावर केली नाही तर स्टीम लायब्ररी जोडत नाही. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी राखतो, म्हणजे १ टीबीत सुमारे ४६ जीबी. खेळांच्या डिस्कला ते कशाला हवं? ट्यून२एफएस या आदेशाने एक टक्क्यावर आणा. आणि एफएसटॅबच्या (बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) ओळीत ‘नोफेल’ घाला, नाहीतर केबल सैल झाली की मशीन बूट होतानाच अडून बसेल.

स्टीम फ्लॅटपॅकचं (बंदिस्त डब्यात चालणारं पॅकेज) घेतलं असेल तर त्याला दुसरी डिस्क आपोआप दिसत नाही, फ्लॅटसील या अ‍ॅपमधून परवानगी द्यावी लागते. मिंटचं नेहमीचं डेब पॅकेज घ्या, कटकट मिटेल.

दांडियाबाजारकर (बडोदे)
वरचं सगळं बरोबर. पण मी असतो तर आधी ड्रायव्हर बघितला असता. बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना मिंट एक पासवर्ड विचारतो आणि रीबूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की ड्रायव्हर बसलेला दिसतो पण लोड होत नाही, आणि खेळ स्लाइड शोसारखा चालतो.

तुमचं कार्ड एनव्हिडियाच्या जुन्या पास्कल पिढीचं. त्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तीच घ्या. कोणी आर्च लिनक्सचा आग्रह धरला तर हसून सोडून द्या. असा रोलिंग (सतत नवं घेत राहणारा) डिस्ट्रो पुढच्या मालिकेवर सरकला की पास्कलवाल्यांना वेगळी वाट शोधावी लागते.

कोणते खेळ चालतात हे प्रोटॉनडीबी या साइटवर दिसतं. अडतात ते बहुतेक अँटी-चीटचे (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर). व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही, आणि एपेक्स लेजेंड्सने २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस लिनक्स बंद केलं. जीटीए ५ ची कथा खेळता येते. ऑनलाइन भागात सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट आलं आणि दार लागलं. गंमत अशी की बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, फक्त खेळ बनवणाऱ्याने परवानगी द्यायला हवी. म्हणजे अडलंय ते मर्जीवर. सीएस२ आणि डोटा २ थेट लिनक्सवर आहेत.

दुसरी ८ जीबीची स्टिक घाला. डीडीआर४-२४०० पुरे, महागडी ३२०० ची घेतली तरी तुमचा प्रोसेसर ती २४०० वरच चालवणार.

पोहे_टर्मिनल (इंदूर)
जेल रोडवरून वापरलेली स्टिक आणली तर रात्रभर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) चालवा, मगच परतीची मुदत संपू द्या.

लष्कर_सिसॅडमिन (ग्वाल्हेर)
सर्व्हरचं बोलू. लुआंटी म्हणजे ऑक्टोबर २०२४ पर्यंतचं माइनटेस्ट. ते नुसतं इंजिन आहे, खेळ वेगळा उतरवावा लागतो. मुलांना माइनक्राफ्टची सवय असेल तर व्हॉक्सेलिब्रे हा खेळ घ्या. पोर्ट यूडीपी ३०००० (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती). बरेच जण राउटरमध्ये टीसीपी उघडतात आणि डोकं धरून बसतात. रिकामे पासवर्ड सेटिंगमधून बंद करा, नाहीतर दुसऱ्याच्या नावाने कोणीही आत येईल.

गेमिंग पीसी चोवीस तास चालू ठेवू नका. तो रिकामा बसून ४० वॉट घेत असेल तरी महिन्याला २९ युनिट होतात. जुना लॅपटॉप बरा. लाइट गेली तरी त्याची बॅटरी आहेच, फक्त राउटर इन्व्हर्टरवर हवा. फर्मवेअरमध्ये सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवा, सतत १०० टक्क्यांवर राहिलेली बॅटरी फुगू शकते.

गप्पांना मंबल. खेळातल्या चॅटवर भागणार नाही, आणि कारण मराठीचंच आहे. लुआंटीत देवनागरीची जुळणी होत नाही. जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांटी भलतीकडे जाते. मंबलच्या खिडकीत देवनागरी नीट दिसते. टायपिंगला मिंटच्या कीबोर्ड लेआउटमध्ये ‘मराठी, कगप’ (उच्चारानुसार टायपिंग) आहे, वेगळं काही बसवायला नको. मंबलचा पोर्ट ६४७३८, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही उघडा. डिस्कॉर्ड वाईट नाही, पण तिथलं उत्तर बाहेरून शोधून सापडत नाही, आणि जागा शेवटी दुसऱ्याची.

लोकमान्य_नगर_२ (इंदूर)
डिस्कचं काम झालं, खेळ सुरू झाले. पण यूडीपी उघडूनही बाहेरून सर्व्हर दिसत नाही. राउटरच्या वॅन पानावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे.

लष्कर_सिसॅडमिन (ग्वाल्हेर)
मग तुम्ही सीजीनॅटमागे आहात. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा त्यासाठीच राखलेला. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे आयपीव्ही४ वर पोर्ट उघडून काही होणार नाही. आयपीव्ही६ मिळत असेल तर लुआंटीत आयपीव्ही६ सर्व्हर चालू करा आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या मशीनसाठी यूडीपी ३०००० आत येऊ द्या. पत्ता बदलत राहतो, म्हणून डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) लावा. खेळणाऱ्यांकडेही आयपीव्ही६ हवंच. नसेल तर सेवा देणाऱ्याकडून स्टॅटिक आयपी घ्या, किंवा १ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन वायरगार्ड या व्हीपीएनने घराशी जोडा. पैसे त्यात लागतील.

दांडियाबाजारकर (बडोदे)
सर्व्हर चालू असताना नकाशाची एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइल नुसती कॉपी करू नका, प्रत अर्धवट निघू शकते. सर्व्हर थांबवा किंवा एसक्यूलाइटचा बॅकअप आदेश वापरा. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड, डीएनएसचं खातं, बॅकअपची जागा, सगळं दोघांकडे असू द्या. एक जण परीक्षेला बसला की उरलेले नऊ दाराबाहेर राहतात.