कॉर्कला आईबाबांसोबत गेस्टहाऊसमध्ये राहायचंय, वेस्टर्न रोड की स्टेशनजवळ?

मृद्गंध_डब्लिन
नमस्कार मंडळी. आम्ही डब्लिनला असतो, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात नाशिकहून आईबाबा येतायत आणि त्यांना घेऊन तीन रात्री आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क शहरात जायचं ठरतंय. गाडी नाहीये आमच्याकडे, ट्रेननेच जाणार. हॉटेलांचे जूनचे रेट बघितले आणि सोडून दिलं, शिवाय बाबा म्हणतात हॉटेलात काय राहायचं, ती सगळीकडे सारखीच, तिथल्या माणसांच्या घरात राहू. म्हणून गेस्टहाऊस शोधतेय. दोन भाग दिसतायत, एक स्टेशनजवळचा वेलिंग्टन रोड, सेंट ल्यूक्स वगैरे आणि दुसरा युनिव्हर्सिटीजवळचा वेस्टर्न रोड. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर ती हळूहळू अर्धा पाऊण तास चालते पण चढ आणि जिने नको होतात. ती अंडंही खात नाही. बाबा गणिताचे शिक्षक होते, म्युझियम, जुन्या इमारती यात तासन् तास रमतात. राहायच्या जागेपासून पायी काय काय होईल? आणि सकाळचा नाश्ता आईला चालेल असा मिळतो का कुठे?

लीकाठ
वेस्टर्न रोडच घ्या, डोळे झाकून. मी कॉर्कमध्येच राहतो म्हणून सांगतो, स्टेशनजवळची गेस्टहाऊसेस नकाशावर अगदी शेजारी दिसतात पण सेंट ल्यूक्सचा चढ असा आहे की तरुण माणसाला बॅग ओढताना धाप लागते, आईंना रोज दोनदा तो चढायला लावू नका. वेस्टर्न रोड नदीकाठचा, सरळ सपाट. केंट या कॉर्कच्या रेल्वे स्टेशनवरून २०५ नंबरची बस थेट तिकडे जाते, तुमचं डब्लिनचं लीप कार्ड (बस-ट्रेनचं प्रीपेड कार्ड) इथेही चालतं.

पण बुक करायच्या आधी एक फोन किंवा ईमेल कराच. ही बहुतेक जुनी उंच घरं आहेत, लिफ्ट क्वचितच, आणि स्वस्त खोली हमखास सगळ्यात वरच्या मजल्यावर असते. ग्राउंड फ्लोअरची खोली हवी असं सांगा आणि तसं लेखी उत्तर घ्या, वेबसाइटवर 'रिक्वेस्ट' टाकून गप्प बसू नका. रात्रंदिवस रिसेप्शन नसतं, त्यामुळे किती वाजता पोचताय तेही कळवा. लवकर पोचलात तर बॅगा ठेवून घेतात सहसा, पण विचारून ठेवा.

आता बाबांसाठी. वेस्टर्न रोडवरच युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कचं मेन गेट आहे. गेटातून क्वॉडपर्यंत, म्हणजे जुन्या इमारतींमधल्या चौकापर्यंत, थोडा चढ आहे, तेवढा दमाने घ्या. हे कॉलेज १८४५ साली स्थापन झालं आणि इथले पहिले गणिताचे प्राध्यापक कोण, तर जॉर्ज बूल! १८४९ ला आले आणि १८६४ मध्ये वारले तोपर्यंत इथेच होते. आज सगळे कॉम्प्युटर ज्या लॉजिकवर चालतात ते ज्याच्या नावाने ओळखतात तो हाच माणूस. त्यांची बायको मेरी एव्हरेस्ट ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, म्हणजे ज्याच्या नावाने शिखर आहे तो आपल्याकडचा सर्व्हेयर जनरल. एका गणिताच्या शिक्षकाला या आवारात फिरताना काय वाटेल याची मी कल्पना करू शकतो, त्यांना घाई करू नका. क्वॉडच्या एका बाजूला दगडी कॉरिडॉर आहे, तिथे ओघम या प्राचीन आयरिश लिपीतले शिलालेख ओळीने उभे केलेत. दगडाच्या कडेवर नुसत्या आडव्या तिरप्या रेघा, तीच लिपी, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. याला तिकीट नाही. आवारातच होनन चॅपल आहे, १९१६ चं, हॅरी क्लार्क या आयरिश कलाकाराच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी आत जाऊन याच.

गेटच्या समोरच्या बाजूला, मार्डाइक या रस्त्यावर, फिट्झजेराल्ड पार्क. पूर्ण सपाट, भरपूर बाकं, आतमध्ये कॉर्क पब्लिक म्युझियम, तेही फुकट. १९०२ चं मोठं प्रदर्शन भरलं होतं ती ही जागा. पार्कच्या टोकाला डेलीज ब्रिज हा १९२७ चा झुलता पूल, चालताना हलतो, आईंना मजा वाटेल. पुलावर जाऊन परत फिरा, पलीकडे संडेज वेल या भागाचा चढ लागतो. त्या चढावर सिटी गाओल आहे, जुना तुरुंग, १८२४ ते १९२३ चालू होता. बाबांना बघायचा असेल तर टॅक्सीने वर जा आणि आईंना पार्कात बसवा, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, वेळ भरपूर मिळतो.

सायली_कुलकर्णी_नाही
+१ लीकाठ. मी नाश्त्याचं सांगते कारण माझे सासूसासरे दोघंही तसेच खाणारे आहेत.

फुल आयरिश नाश्ता म्हणजे रॅशर (बेकनचे काप), सॉसेज, ब्लॅक पुडिंग (हे गोड नाही, सॉसेजच असतं, यात डुकराचं रक्त असतं हे आधीच सांगून ठेवा घरी), व्हाइट पुडिंग (तसंच, पण बिनरक्ताचं), अंडं, भाजलेला टोमॅटो. यातून 'हे काढा ते काढा' करत बसण्यापेक्षा बुकिंगच्या ईमेलमध्येच स्पष्ट लिहा की एका व्यक्तीला मांस, मासे, अंडं काहीही चालत नाही. नुसतं व्हेजिटेरियन लिहिलं तर ऑम्लेट येणार. पॉरिज (ओट्सची लापशी) करून देतात, ते दुधाचं मागा, पाण्यातलं आईंना नाही आवडणार. बरोबर सोडा ब्रेड, बटर, जॅम, फळं, बीन्स, टोमॅटो, मशरूम. सोडा ब्रेड ताकातला असतो, साध्यात अंडं नसतं, पण प्रत्येक घराची रेसिपी वेगळी त्यामुळे विचारायचंच. आणि टोमॅटो मशरूम वेगळ्या तव्यावर करा म्हणून सांगायला लाजू नका. छोट्या गेस्टहाऊसमध्ये स्वैपाक करणारा माणूस दहा फुटांवर असतो, नीट सांगितलं की मनापासून करतात, मोठ्या हॉटेलच्या बुफेत हे होत नाही. मला तर गेस्टहाऊस घ्यायचं हेच सगळ्यात मोठं कारण वाटतं.

खोलीत किटली असतेच, पण स्वैपाकाला परवानगी नसते. गरम पाण्यात होणारा उपमा, पोहे यांची पाकिटं ठेवा बरोबर.

जेवायला इंग्लिश मार्केट, १७८८ पासूनचं, ब्रेड, चीज, ऑलिव्ह, फळं सगळं मिळेल, मात्र सुरुवातीलाच मांसमच्छीचे स्टॉल दिसू शकतात, आईंना त्रास होत असेल तर बाबांना एकट्याला पाठवा. रविवारी बंद. एखादी संध्याकाळ खास करायची असेल तर लँकेस्टर कीवर कॅफे पॅराडिसो आहे, पूर्ण शाकाहारी, १९९३ पासून, तुमच्या वेस्टर्न रोडच्या सुरुवातीलाच. स्वस्त नाही. आधी टेबल बुक करा आणि अंड्याचं तिथेही सांगा.

अजून एक, बाथरूममध्ये छताला दोरी लोंबत असते, ती ओढल्याशिवाय बऱ्याच घरांत शॉवरला गरम पाणी येत नाही. पहिल्याच संध्याकाळी दोघांना दाखवून द्या नाहीतर सकाळी बिचारे गार पाण्याने आंघोळ करतील आणि तुम्हाला सांगणारही नाहीत.

मृद्गंध_डब्लिन
किती छान सांगितलंत दोघांनी, बूलचं बाबांना फोनवर सांगितलं तर आत्तापासून वाचायला बसलेत. कॉर्कजवळचा ब्लार्नीचा किल्ला आणि कोव्ह हे बंदराचं गाव यातलं एकच करायचं असेल तर कुठलं? सगळे ब्लार्नी म्हणतात.

लीकाठ
तुमच्या आईंचा विचार केला तर कोव्ह. ब्लार्नीला २१५ बस जाते, बागा सुंदर आहेत पण किल्ल्याचा तो प्रसिद्ध दगड वर टोकाला, अरुंद गोल दगडी जिना, आणि वर गेल्यावर त्या दगडाचं चुंबन घ्यायला पाठीवर झोपून लोखंडी दांडे धरून उलटं वाकायचं. गुडघेदुखीवाल्या माणसाने तिकीट काढून खाली थांबायचं यात अर्थ नाही.

कोव्हची ट्रेन केंटवरूनच सुटते, जेमतेम पंचवीस मिनिटं, आणि वाटेत दोन्ही बाजूंना पाणी लागतं. कोव्हचं स्टेशन बंदरालाच लागून आहे. ११ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक शेवटचं इथे थांबलं होतं, तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन. स्टेशनच्या इमारतीतच हेरिटेज सेंटर आहे, बाहेर ॲनी मूरचा पुतळा, १८९२ मध्ये न्यूयॉर्कला स्थलांतरितांची नोंद करणारं एलिस आयलंड उघडलं तेव्हा तिथून अमेरिकेत शिरलेली पहिली मुलगी इथून निघालेली. लेकीच्या परदेशातल्या घरी आलेल्या आईबाबांना हे ठिकाण वेगळ्याने भिडतं, माझ्या आईला मी तिथे बराच वेळ गप्प बसलेलं बघितलंय. कथीड्रल वर आहे, चढ जबरदस्त, टॅक्सी करा.

अनंत_फ
जून म्हणताय म्हणून लिहितो. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर बॉम्बने उडवलं, ३२९ माणसं गेली. सापडलेले मृतदेह कॉर्कच्या हॉस्पिटलमध्येच आणले होते, वेस्टर्न रोडने पुढे विल्टनकडे गेलं की ते लागतं. वेस्ट कॉर्कमध्ये अहाकिस्ता नावाच्या छोट्या गावी समुद्राकाठी स्मारक आहे, दरवर्षी २३ जूनला तिथे लोक जमतात. कॉर्कहून गाडीने दोनेक तास, बसने जमणार नाही, तेव्हा या ट्रिपमध्ये बसणार नाही तुमच्या. पण गेस्टहाऊसच्या मालकांपैकी कोणी साठीच्या पुढचं भेटलं तर बाबांनी विषय काढून बघावा. या भागातल्या लोकांनी परक्या माणसांसाठी तेव्हा जे केलं ते आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे, आणि ते आठवणारी माणसं अजून आहेत.

मृद्गंध_डब्लिन
हे खरंच माहीत नव्हतं काका, धन्यवाद. दोन ठिकाणी ईमेल टाकलाय, एकाचं उत्तर आलं की ग्राउंड फ्लोअर आहे पण पार्किंगच्या बाजूची खोली, आवाज येईल का?

लीकाठ
पार्किंग मागच्या बाजूला असेल तर चांगलंच, रस्त्याकडच्या खोलीत बसचा आवाज पहाटेपासून सुरू होतो. ती घेऊन टाका, फक्त कॅन्सलेशनची तारीख बघा आणि आयरिश रेलची तिकिटं ऑनलाइन आधीच काढा, स्टेशनवर ऐनवेळी महाग पडतात. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून सुटणारी सकाळची गाडी घेतलीत तर जेवायच्या वेळेला कॉर्कमध्ये असाल.