बंगळूरचं जुनं जेल बघण्यासारखं आहे का?

भटका_जीव: पुढच्या महिन्यात कामासाठी बंगळूरला जातोय, राहायला मॅजेस्टिकजवळ. तिथलं फ्रीडम पार्क म्हणजे जुनं सेंट्रल जेल असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो नुसती बाग आहे. अर्धाच दिवस मोकळा मिळेल, जाऊ की सरळ लालबाग गाठू?

खिडकीतली_सीट: दोन्ही आहे रे. कैदी गावाबाहेर परप्पन अग्रहारला हलवले आणि २००८ साली ही जागा पार्क म्हणून लोकांना खुली झाली. मधोमध पहाऱ्याचा मनोरा आहे आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या बराकी, म्हणजे वर उभ्या एका शिपायाने सगळीकडे नजर ठेवायची. आधी त्या मनोऱ्यापाशी जाऊन उभा राहा, मग बराकीत जा, मग कळतं आत असलेल्याला काय वाटत असेल. फक्त अंदमानसारखं काही डोक्यात घेऊन जाऊ नकोस.

कोकणकडा: आपल्या माणसांनी तर जायलाच हवं! आणीबाणीत मधु दंडवते इथेच होते. पक्षांतरबंदी विधेयकाच्या संसदीय समितीच्या बैठकीला म्हणून बंगळूरला आले काय आणि २६ जून १९७५ ला वाजपेयी, अडवाणींबरोबर उचलले गेले काय. तिकडे प्रमिलाताई येरवड्यात, म्हणजे नवरा एका जेलात बायको दुसऱ्या, आणि दोघांची एकमेकांना पत्रं, तीसुद्धा जेलवाल्यांच्या डोळ्याखालून जाणार. सुटल्यावर हाच माणूस रेल्वेमंत्री झाला आणि सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम आला. मी तर दर वेळी बर्थवर आडवा झालो की मनातल्या मनात थँक्यू म्हणतो :)

सरळसोट: मला नाही एवढं आवडलं. बराकी इतक्या चकाचक केल्यात की जेल वाटतच नाही, आणि दंडवत्यांचं वगैरे आधी वाचून गेलात तरच काहीतरी भिडतं, नाहीतर लोक सेल्फी काढतात आणि निघतात. अर्थात पाडून टॉवर उभे केले नाहीत हेच खूप, एवढी मोक्याची जागा.

खिडकीतली_सीट: @सरळसोट चकाचक बद्दल सहमत. पण एक भाग मोर्चे-धरण्यांसाठी ठेवलाय ना, ते मला भारी वाटतं, जिथे सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना कोंडलं तिथेच आता लोक माईक घेऊन सरकारला शिव्या घालतात.

सरळसोट: हो, आणि २०२१ च्या आदेशानंतर शहरात दुसरीकडे कुठे आंदोलनच करू देत नाहीत, तेही सांग की. कुंपण आहेच मग.

भटका_जीव: हे नव्हतं माहीत. सकाळी जेल, वेळ उरला तर लालबाग. आंदोलन चालू असलं तर आत सोडतात का?

कोकणकडा: मी गेलो तेव्हा बाहेर घोषणा चालू होत्या, आत आरामात फिरलो. रिक्षावाल्याला मात्र पलीकडेच सोडायला सांग.