मदत हवी आहे: दुसऱ्या भागात रंगणारी पुस्तकं सुचवा

नमस्कार मंडळी. माझी भाची नववीत आहे, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. 'द हंगर गेम्स' (२००८) तिने मी मागे लागले म्हणून कसंबसं संपवलं. पण २००९चा दुसरा भाग, 'कॅचिंग फायर', दोन रात्रींत फस्त! मलाही तोच आवडतो. पहिल्यात मुलांना एकमेकांशी मरेपर्यंत लढायला लावणाऱ्या खेळांत नुसती जगायची धडपड. दुसऱ्यात ७५व्या खेळांसाठी जुन्या विजेत्यांनाच परत रिंगणात ढकलतात, आणि बाहेर बंड धुमसू लागतं.

तिसरा भाग घरात आहे. त्यानंतर काय देऊ? मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं, आजीलाही वाचायचंय. प्रेमाचे त्रिकोण कमी असतील तर बरं, तिला वैताग येतो. आणि नौपाड्यात जुनी इंग्रजी पुस्तकं कुठे मिळतात हो?