‘शव्हेल नाइट’ आणि आपलं न घडलेलं बालपण

तपोवनवासी (धागाकर्ता)

‘शव्हेल नाइट’ एकदाचा संपवला. २०१४ चा टू-डी गेम, यॉट क्लब गेम्स नावाच्या छोट्या चमूने किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवून केलेला. हातात फावडं घेतलेला सरदार. उडी मारायची, फावडं खाली रोखायचं आणि शत्रूच्या डोक्यावर टणाटण उसळत पुढे जायचं. दिसायला अस्सल ८-बिट, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या व्हिडिओ गेमसारखा ठोकळ्याठोकळ्यांचा.

कॉलेज रोडच्या आमच्या कट्ट्यावर यावर शेरा ऐकला, “तुम्हा चाळिशीवाल्यांना बालपण विकतात आणि तुम्ही घेता.” मला हे मुळातच पटत नाही. विकलं जातंय ते बालपण आपलं नव्हतंच!

आठवून बघा. नव्वदीत नाशकात कुणाकडे खरा निन्टेन्डो होता? मेनरोडला, शालिमारला मिळायचे ते भलत्याच नावांचे व्हिडिओ गेम, आणि सोबत ‘९९९९ इन वन’ची पिवळी कॅसेट. त्यात खरे गेम मोजके, बाकी तेच ते नाव बदलून. मारियो, डक हंट, सर्कस, रोड फायटर. सगळे एका बैठकीत खेळून उठायचे गेम. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

ॲडव्हेंचरची जातच वेगळी. १९८६ चा ‘लेजंड ऑफ झेल्डा’ घ्या. हिंडायचं, गुहा शोधायच्या, आज थांबायचं आणि उद्या तिथूनच पुढे जायचं. ते जमावं म्हणून १९८७ मध्ये अमेरिकेत विकलेल्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी बसवली होती. आपल्या स्वस्तातल्या कॅसेटमध्ये बॅटरी कोण घालणार? नकाशा आणि पुस्तिकेची तर बातच सोडा. त्यामुळे अमेरिकेतला माझ्या वयाचा माणूस शव्हेल नाइट खेळताना आठवणींत रमत असेल. मी मात्र एक नवा गेम खेळत होतो, आणि नवा म्हणूनच तो मला चांगला वाटला.

मरण्याचा हिशोब बघा. जीव मोजलेले नाहीत. मेलात की जमवलेल्या सोन्यातला काही हिस्सा थैल्या होऊन तिथेच तरंगत राहतो. तिथवर परत पोचलात तर तुमचा, वाटेत पुन्हा मेलात तर गेला. शिवाय चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते त्या जागा, फोडता येतात. फोडला तर धन मिळतं, पण मग मेल्यावर आणखी मागून सुरुवात. गेम किती अवघड करायचा हे मेनूत विचारत नाहीत, तुमची हाव ठरवते. जुन्या गेममध्ये हे असं मी कुठे पाहिलेलं नाही.

विरोध करा, बिनधास्त. फक्त खेळून बोला.

सिडकोचा_सार्जंट

खेळूनच बोलतो. आधी ते ‘अस्सल ८-बिट’ खोडतो.

१९८३ च्या फॅमिकॉमचा, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेम-यंत्राचा, पडदा २५६ × २४० ठिपक्यांचा. एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रं मावायची, नववं आलं की गायब. म्हणून गर्दी झाली की सगळं लुकलुकायचं. शव्हेल नाइटमध्ये रुंद पडदा, लुकलुक नाही, त्या यंत्राच्या ठरलेल्या रंगांत नसलेले काही रंगसुद्धा घुसवलेत. बनवणाऱ्यांनी हे स्वतःच सांगितलंय, लपवलेलं नाही. मग ८-बिटमधलं उरलं काय? पोशाख!

१९८५ चा अख्खा मारियो ४० किलोबाइटचा. त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. जागा नव्हती म्हणून डोकं चाललं. आज जागाच जागा असताना ठोकळे काढत बसणं ही हौस झाली. आणि जीव मोजायचे नाहीत तर मरणाची भीती कशाची? जुन्या ‘कॉन्ट्रा’ गेममध्ये तीन जीव मिळायचे भाऊ, आणि शेवटच्या जिवावर खेळताना मागे उभी असलेली पोरं गप्प व्हायची.

गोदाकाठचा

कॉन्ट्रात वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए हा चोरकोड दाबून तीस जीव घेणाऱ्या पिढीने कठोरपणाचा झेंडा नाचवू नये. 😄

सिडकोचा_सार्जंट

आमच्या गल्लीत कोड मारणाऱ्याला रिमोट मिळत नसे.

पंचवटी_पिक्सेल

सार्जंटदादा, ‘हौस’ या शब्दावर अडले. मी चित्रं काढून पोट भरते, त्यातली काही ठोकळ्यांचीच. सोळा बाय सोळाच्या चौकोनात माणूस बसवायचा तर एक ठिपका इकडचा तिकडे झाला की नाकाची मिशी होते. शिवाय जुनी चित्रं काढली होती ती काचेच्या फुगीर टीव्हीसाठी. त्यावर शेजारचे रंग एकमेकांत मिसळायचे, कडा मऊ व्हायच्या. आजच्या पडद्यावर प्रत्येक चौकोनाची धार दिसते. तुमचा लाडका मारियो मोठ्या एलईडीवर लावा, तोही लहानपणी दिसायचा तसा दिसणार नाही. म्हणजे आज पिक्सेल काढणाऱ्याला वेगळाच विचार करावा लागतो. नुसती नक्कल केली तर फसतं.

आणि अडचण संपलीय असं कुणी सांगितलं? अडचण माणसांची आहे. दाइसुके अमाया यांनी ‘केव्ह स्टोरी’ एकट्याने, फावल्या वेळात, सुमारे पाच वर्षं घालवून केला आणि २००४ मध्ये फुकट वाटला. चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग, सगळं त्यांचंच. २०२४ चा ‘ॲनिमल वेल’ही बिली बासो यांनी एकट्यानेच बनवला, त्याला सुमारे सात वर्षं लागली. गेम ज्यावर चालतो ते इंजिनसुद्धा स्वतःचं, आणि गेम चाळीस मेगाबाइटच्याही आत. एवढं मोठं जग थ्री-डीमध्ये एकट्याने उभं करून दाखवा म्हणावं. टू-डी निवडण्यामागे असलं साधं गणितही असतं.

सातपूरचा_राजपुत्र

धागाकर्त्यांचा मुद्दा आकर्षक आहे, पण पायाच कच्चा. टीव्हीवरचा व्हिडिओ गेम म्हणजे सगळं बालपण नव्हे. सातपूरला बाबांच्या कंपनीत रविवारी कॉम्प्युटर मोकळा असायचा आणि त्यावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता. १९८९ चा, टू-डी, आणि ॲडव्हेंचर नाहीतर काय? साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. तो कड्याला लटकायचा तेव्हा आपल्या बोटांना कळ यायची. शव्हेल नाइटच्या सरदाराला वजनच नाही हो.

तेव्हा ‘आपल्याला ही आठवण नाहीच’ हे विधान कॅसेटवाल्यांपुरतं ठेवा.

तपोवनवासी

राजपुत्र, कंपनीतला कॉम्प्युटर रविवारी मोकळा मिळणारी पोरं नाशकात किती होती? अपवाद मान्य, पण त्यावरून पिढी ठरत नाही. आणि वजनाचं म्हणाल तर राजपुत्र बटण दाबल्यावर सवडीने उडी मारायचा, म्हणून तर खड्ड्यात पडायचा. सरदार दाबलं त्या क्षणी उडतो. मेलो तर चूक माझीच असते, मग पुन्हा खेळावंसं वाटतं.

सार्जंट, पोशाख म्हणालात त्याला माझी हरकतच नाही. माझा धागा नेमका तेच सांगतोय.

रेवा_नाशिकरोड

काका, हे ‘आपण’ म्हणजे नक्की कोण? माझा जन्म २००२ चा. कॅसेट मी फक्त मामाकडच्या माळ्यावर पाहिलीय. तुमचं भांडण बालपणाचं चाललंय आणि माझी अडचण सरळ आहे. मला त्या उड्या जमत नाहीत.

‘हाव ठरवते’ हे वाचायला छान आहे. पण चेकपॉइंट न फोडता खेळूनही जी त्याच खड्ड्यात पडते तिने काय करायचं? २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या डोंगर चढायच्या गेममध्ये असिस्ट मोड आहे. गेमचा वेग कमी करता येतो, दम संपणार नाही असं करता येतं, अगदी मरण बंद करता येतं. कुणी टोमणा मारत नाही. तो डोंगर मी तसाच चढले आणि गोष्ट पूर्ण वाचली. गेम ॲडव्हेंचर असेल तर पुढे काय होतं हे बघण्याचा हक्क चपळ बोटांनाच का?

सिडकोचा_सार्जंट

रेवा, मरणच बंद केलंस तर डोंगर चढलीस कुठे? लिफ्टने गेलीस.

रेवा_नाशिकरोड

पांडवलेणीला दर पायरीला टेकत चढणाऱ्या आजींना हे सांगून बघा दादा.

कॅनडा_कॉर्नर

वाद वाचला, मजा आली, पण एक व्यवहारी शंका. मोबाइलवर ढीगभर गेम फुकट असताना या ठोकळ्यांना पैसे का मोजायचे?

पंचवटी_पिक्सेल

फुकटवाले दर पाच मिनिटांनी जाहिरात दाखवतात, म्हणून. शव्हेल नाइटचं म्हणाल तर २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये त्यात दुसऱ्या सरदारांच्या एकेक अख्ख्या मोहिमा आल्या, आणि सुरुवातीला ज्यांनी तो घेतला होता त्यांना त्या वेगळे पैसे न देता मिळाल्या. तरी धाकधूक असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घ्या. विकत घेऊन चौदा दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केलात तर पैसे मिळतात.

कॅनडा_कॉर्नर

दोन तासांत कळेल ना?

सिडकोचा_सार्जंट

दोन तासांत पहिला किल्ला पार झाला नाही तर रेवाकडून लिफ्टचा पत्ता घ्या.