मायक्रोनेशियात पॉलिनेशियन भाषा कशी काय?

नकाशावेडा: नकाशा बघताना कापिंगामारांगी नावाचं प्रवाळबेट दिसलं, विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश उत्तरेला, देश मायक्रोनेशिया, पण भाषा म्हणे पॉलिनेशियन. पॉलिनेशिया तर पार पूर्वेला आहे ना? आणि पाचेकशे वस्तीच्या बेटावर स्वतःची भाषा टिकते तरी कशी?

शब्दभ्रमर: अशा भाषांना आउटलायर म्हणतात. पॉलिनेशियन लोक पूर्वेकडे पसरत गेले हे खरंच, पण नंतर काही जण उलटे पश्चिमेला आले, वारे पूर्वेकडूनच वाहतात त्यामुळे त्यात फार नवल नाही. सॉलोमन बेटांतलं तिकोपिआ, सिकाइआना, पापुआ न्यू गिनीतलं ताकू, सगळी त्यातलीच. कापिंगामारांगी आणि त्याच्या उत्तरेचं नुकुओरो मात्र या सगळ्यांत उत्तरेला, एकटी पडलेली जोडी. दोघांच्या भाषा जवळच्या बहिणी, मायक्रोनेशियातल्याच पोनपेइ बेटाची पोनपेइअन भाषा लांबची नातेवाईक.

खारावारा: मला यातला उच्चारांचा भाग भारी वाटतो. सामोअन, माओरी वगैरेंत प्रत्येक व्यंजनामागे स्वर, जोडाक्षर नाहीच. इथे मात्र दोन सारख्या व्यंजनांमधला स्वर गळला आणि व्यंजन दुप्पट झालं, तेही शब्दाच्या सुरुवातीलाच! आपल्याकडे 'पत्ता' मध्ये मधोमध येतं तसं, पण पहिल्याच अक्षरावर, म्हणून बघा जमतंय का. लिहिताना रोमन बी, डी, जी म्हणजे साधे प, त, क आणि पी, टी, के म्हणजे जोरकस दुप्पटवाले, त्यामुळे नवखा माणूस वाचायला लागला की पार फसतो.

शब्दभ्रमर: टिकण्याबद्दल राहिलंच. १९१६-१८ च्या दुष्काळात बेटावर भयंकर उपासमार झाली, तेव्हा जपानी अंमल होता, आणि त्यानंतर पोनपेइ बेटावर कोलोनिया गावाजवळ पोराकिएत नावाची कापिंगामारांगीच्या लोकांची वस्ती झाली. तिथे आलेली कापिंगाची माणसं एकाच ठिकाणी राहिली, लाकडी कोरीवकाम करून विकतात, घरात आणि अंगणात तीच भाषा. विखुरली असती तर दोन पिढ्यांत संपलं असतं असं मला वाटतं.

नकाशावेडा: वा, म्हणजे बोलणारे बेटाबाहेरही बरेच आहेत तर. शब्दकोश आहे का?

खारावारा: आहे, मायकल लीबर आणि कालिओ डिकेपा यांचा, १९७४ चा, हवाई विद्यापीठाच्या प्रेसने छापलेला. लायब्ररीत विचारा.