बोलायचे होते, पण मनाने दोषी ठरवले : तुमचे अनुभव सांगा

बंदरावरची बहीण (हर्णै)

सर्वांना जय ख्रिस्त. आगोटीची आवराआवर करताना गेल्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि तिच्यात माझी 2009 सालची प्रार्थनेची वही सापडली. नोव्हेंबरमधल्या एका पानावर शाई पसरली आहे, तरी अक्षरे लागतात : यशया 43, दुसरे वचन, आणि त्याखाली आमच्या मंडळीतील एका बहिणीचे नाव. ते पान हातात घेऊन मी तिथेच जिन्यावर बसले.

त्या वर्षी 11 नोव्हेंबरला फयान वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. त्यानंतरच्या आठवड्यातील ती घरप्रार्थना होती. त्या बहिणीची होडी खडकावर आपटून फुटली होती, कर्ज अंगावर होते आणि तिच्या यजमानांनी बोलणेच टाकले होते. प्रार्थना चालू असताना, पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, हे वचन माझ्या मनात आले आणि ते तिच्यासाठीच आहे हे मला इतके स्पष्ट जाणवले की मी डोळे उघडून ते लिहून घेतले. पण बोलले नाही. त्याच सकाळी मी सासूबाईंना फार तोडून बोलले होते, आणि ज्या जिभेने घरात माणसाला रडवले त्याच जिभेने आता देवाचे वचन देणार का, हा एकच प्रश्न मला खाली दाबत राहिला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका वयस्कर बहिणीने, मी कोणापाशी अवाक्षर काढलेले नसताना, तेच वचन तिला वाचून दाखवले.

खरे दुखणे त्यानंतर सुरू झाले. आधी जो आवाज मला ‘तू बोलायला लायक नाहीस’ असे म्हणत होता, तोच आता ‘तू बोलली नाहीस म्हणून देवाने तुझे दान, म्हणजे आत्म्याने दिलेली देणगी, दुसऱ्याला दिले’ असे म्हणू लागला. कितीतरी वर्षे मी सभेत मागच्या रांगेत बसले. आज वही पाहताना प्रथमच जाणवले की बोलले असते तरी दोष आणि गप्प राहिले तरी दोष, असा दोन्हीकडून मारणारा आवाज माझ्या तारणाऱ्याचा कसा असेल?

तुमच्यापैकी कोणी यातून गेले असेल तर कृपया लिहा.

रहाटगाडगे (वसई)

ताई, जय येशू. मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमचे काही शब्द वेगळे वाटतील, पण दुखणे तेच आहे. मी 17 वर्षे दारू प्यायलो. ती सुटल्यावर गावातल्या करिस्मॅटिक (आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) प्रार्थना मंडळात जाऊ लागलो आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचे दान माझ्या ठायी असावे, असे मंडळातील ज्येष्ठांना वाटू लागले. एका मंगळवारी एक आई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचे कपाळ तापलेले होते, त्यावर चोळलेला बाम माझ्या तळहाताला चिकटला, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच म्हणाले, “कालपरवापर्यंत ह्यालाच धरून घरी आणावे लागत होते.” बोलणाऱ्याचे काही खोटे नव्हते. मी हात मागे घेतला आणि बाहेर येऊन विहिरीवर तो बराच वेळ धूत राहिलो.

आमच्या त्या वेळच्या फादरांनी मला वाडीतला रहाट दाखवून समजावले. गाडगे चिरलेले असले तरी केळीला पाणी पोहोचते, कारण पाणी गाडग्याचे नसते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच भेद मांडला आहे : माणसाला स्वतःला पवित्र करणारी कृपा वेगळी, आणि दुसऱ्याच्या कल्याणासाठी फुकट दिलेली कृपा वेगळी. त्यामुळे दान हा पवित्रतेचा दाखला ठरत नाही, आणि ज्याच्याकडे दाखला नाही त्याचे दान खोटेही ठरत नाही. मात्र फादर तिथे थांबले नाहीत. चीर दिसत असताना ती तशीच ठेवायची मोकळीक गाडग्याला नाही, असे सांगून त्यांनी मला कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापे कबूल करायला, बसवले. त्या दिवशी मी पापे एकेक नाव घेऊन सांगितली. तेव्हा कळले की खरी पापाची जाणीव नाव घेऊन येते आणि परतीची वाट दाखवते. “तू कोण लागून गेलास” एवढेच म्हणणाऱ्या आवाजाला सांगण्यासारखे एकही नाव नसते. संत इग्नेशियस यांनीही लिहून ठेवले आहे की चांगल्याकडून अधिक चांगल्याकडे जाणाऱ्या माणसाला कुरतडणे, खिन्न करणे आणि खोटे अडथळे उभे करणे ही दुष्ट आत्म्याची रीत आहे, तर धैर्य आणि शांती देणे ही चांगल्या आत्म्याची.

गुहागरची मावशी

माझी जीभ लहानपणापासून अडखळते. निर्गमच्या चौथ्या अध्यायात मोशे हीच तक्रार करतो, आणि देव त्याची जीभ सरळ करत नाही, त्याला अहरोन देतो. मी संदेश लिहून नेते आणि माझी जाऊ तो वाचून दाखवते. आता घावने करपतील, म्हणून इथेच थांबते.

एक आई (रत्नागिरी)

हा धागा वाचताना मला त्रास झाला, तरीही लिहिते आहे. माझा मुलगा आजारी असताना एका प्रार्थना सभेत, माझे नाव घेऊन, सर्वांसमोर सांगण्यात आले की घरातील लपलेल्या पापामुळे हे झाले आहे. सांगणाऱ्याला स्वतःविषयी तिळमात्र शंका नव्हती. त्यानंतर तीन वर्षे मी रात्री उठून आपल्या आयुष्यातले ते पाप शोधत बसत असे, मुलाच्या उशाशी, हातात टॉर्च आणि पवित्र शास्त्र घेऊन. आपण सर्वजण इथे शंका घालवण्याविषयी लिहीत आहात, परंतु त्या माणसाला थोडी शंका आली असती तर माझी तीन वर्षे वाचली असती.

बंदरावरची बहीण (हर्णै)

ताई, तुमच्यासाठी आताच उठून प्रार्थना केली. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी येशूला नेमके हेच विचारले होते, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, आणि प्रभूने दोन्ही नाकारले, ते योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. तुम्हाला जे सांगितले गेले ते या उत्तराच्या विरुद्ध होते. तुमचे म्हणणे मला मान्य आहे. माझ्या प्रश्नात ही बाजू आली नव्हती.

निवृत्त शिक्षक (दापोली)

रत्नागिरीच्या ताईंनी मांडलेला मुद्दा फार महत्त्वाचा आहे. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याला विझवू नका असे सांगतो आणि लगेच सर्व गोष्टींची पारख करा असेही सांगतो. करिंथच्या मंडळीलाही तो हेच लिहितो : दोघातिघांनी बोलावे आणि इतरांनी निर्णय करावा. म्हणजे आपले बोलणे बरोबर की चूक, हे ओझे बोलणाऱ्याने एकट्याने वाहायचे नाही. शंका मनात कोंडून ठेवली की तिचे विष होते. ती मंडळीपुढे ठेवली की तिची पारख होते.

आमच्या छोट्या सभेत आम्ही काही गोष्टी पाळतो. ‘देव म्हणतो’ असे न म्हणता ‘मला असे वाटते, तुम्ही पारखून पाहा’ असे म्हणायचे. कोणाचे लग्न, कोणाचे औषध आणि कोणाचा पैसा यांविषयी संदेश द्यायचा नाही. एखाद्याचे पाप जाणवले तर चारचौघांत बोलायचे नाही. संदेश, पौलाने म्हटल्याप्रमाणे, उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन यांसाठी असावा, आणि जे या तिन्हींत बसत नाही ते आधी पाळकसाहेबांच्या कानावर घालायचे. हे ठरल्यापासून लाजऱ्या बहिणी बोलू लागल्या आणि फार बोलणारे बंधू जरा थांबू लागले.

आणखी एक सांगावेसे वाटते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 मध्ये जे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, आले, त्याची सुरुवात मोठ्या उपदेशकांपासून झाली नाही. पंडिता रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थना करायला बोलावले होते, आणि त्यांत दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या. ज्यांना जगाने ‘तुमचे पाऊलच अशुभ’ असे ऐकवले होते, त्यांच्या तोंडी प्रार्थना आली. त्या मुलींनी आधी स्वतःची लायकी सिद्ध करायची ठरवली असती, तर तो जून आला असता का, हा विचार मी पुष्कळदा करतो.

जासवंद (सावंतवाडी)

मला अन्य भाषेत, म्हणजे न शिकलेल्या, आत्म्याने तोंडी आलेल्या शब्दांत, प्रार्थना करण्याचे दान आहे, असे मी आज प्रथमच लिहिते आहे. पहिल्यांदा ते घडले तेव्हा घरात मी एकटी होते, बाहेर पागोळ्या गळत होत्या, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटत नव्हता, म्हणून अधिक भीती वाटली की हे मीच तर घडवत नाही ना? चर्चमधल्या एका मैत्रिणीला सांगितले तर तिने ते ढोंग ठरवले. त्यानंतर दोन वर्षे मी ओठ घट्ट मिटून प्रार्थना केली. आईला मात्र सगळे कळत होते. ती एवढेच म्हणाली, “तू तुजा काम कर गो, देव बघतलो.”

नंतर 1 करिंथ 14 सावकाश वाचले. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून स्वतःशी आणि देवाशी बोलावे, आणि संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे माझा आवाज माझ्या ताब्यात राहणे हे खोटेपणाचे लक्षण नव्हते. आता मी रात्री भांडी झाल्यावर, दार लावून, तशी प्रार्थना करते. सभेत मी फक्त गायनवृंदात गाते आणि तेही मला कमी वाटत नाही.

गुहागरची मावशी

घावने झाले, म्हणून परत आले. रहाटगाडगे दादा, त्या तापाच्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्ही लिहिलेच नाही.

रहाटगाडगे (वसई)

मावशी, त्याचा ताप डॉक्टरांच्या औषधाने आठवड्याभरात उतरला. माझ्या प्रार्थनेने उतरला असे मी म्हणणार नाही, कारण ती मी पूर्णच केली नव्हती. कुमसारानंतर मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईची क्षमा मागितली आणि राहिलेली प्रार्थना तिथे केली. तोपर्यंत मुलगा अंगणात खेळत होता, तरीही केली. आता मंगळवारी मी जातो. मागून कोणी बोलले तर ऐकू येते, परंतु हात तिथेच राहतो.

एक आई (रत्नागिरी)

शिक्षक काकांनी लिहिलेले मी उतरवून घेतले आहे आणि आमच्या पाळकसाहेबांना दाखवणार आहे. बंदरावरच्या ताई, योहानाचा नववा अध्याय पूर्वीही अनेकदा वाचला होता, पण तो माझ्यासाठी आहे असे कोणी सांगितले नव्हते. तुम्ही मागच्या रांगेत बसू नका.

बंदरावरची बहीण (हर्णै)

काल संध्याकाळी ती वही पिशवीत घालून मी त्या बहिणीकडे गेले. सासूबाई आता नाहीत, त्यांची क्षमा मी त्याच वर्षी नाताळाच्या आधी मागितली होती, हे इथे लिहायचे राहिले होते. अंगणात सुकट वाळत घातलेली होती आणि आभाळ भरून आल्यामुळे ती गोळा करण्याची घाई चालली होती, म्हणून आधी दोघींनी मिळून ती आत घेतली. मग मी पान उघडून दाखवले आणि शिक्षक काकांच्या शब्दांत म्हणाले, “तेव्हा मला असे वाटले होते, तू पारखून पाहा.” तिने हात पदराला पुसले, पान उजेडाकडे धरून वाचले आणि वरची तारीख कोणती आहे ते विचारले. मी सांगितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने ते पान मागून घेतले, घडी करून आपल्या पवित्र शास्त्रात यशयाच्या जागी ठेवले आणि येत्या गुरुवारच्या घरप्रार्थनेत सुरुवातीचे वचन मी वाचावे असे सांगितले.