विषय: वजन उतरलं, पोटाची कातडी राहिली; विम्याने नाकारलं, आता पैसे कुठून?

प्रेषक: मराठी मंडळाची कार्यकारिणी, अमेरिका (एका सभासद ताईंच्या वतीने, त्यांच्या विनंतीवरून नाव काढून)

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी वजन उतरवण्यासाठी माझी स्लीव्ह सर्जरी (जठर लहान करायची) झाली. २६० पौंडांवरून १५८ वर आले आणि गेले आठ महिने वजन तिथेच आहे. साखरेची गोळी सुटली, जिना चढताना दम लागत नाही. पण पोटाची कातडी मांडीपर्यंत लोंबते. तिच्या घडीत कायम ओल राहते, चट्टे उठतात, उन्हाळ्यात रक्तही येतं. परकराची नाडी नेमकी तिथेच रुतते, म्हणून गेल्या गणपतीत साडी नेसले नाही आणि लेझीमच्या सरावातूनही नाव काढून घेतलं. खरं कारण तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

विमा कंपनीने ही कातडी काढायची सर्जरी ‘कॉस्मेटिक’, म्हणजे नुसती दिसण्यासाठीची, म्हणून नाकारली. सर्जनच्या ऑफिसने रोखीचा भाव १६,००० डॉलर सांगितला आणि मेडिकल क्रेडिट कार्डाचा फॉर्म हातात दिला, १८ महिने बिनव्याजी. नवरा म्हणतो ४०१के मधून, म्हणजे निवृत्तीच्या बचतीतून, कर्ज काढू. पुण्याचा भाऊ म्हणतो, इकडे ये, खूप स्वस्तात होईल. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार. यातून कोणी गेलं असेल तर कृपया सांगा.

---

प्रेषक: एडिसनची (न्यू जर्सी) एक सभासद

ताई,

नाडीचं वाचलं आणि जेवण अर्धवट ठेवून लिहायला बसले. मी अकरा वर्षं एका सर्जनच्या ऑफिसात बिलिंग आणि प्री-ऑथोरायझेशनचं (विम्याची आगाऊ मंजुरी घेण्याचं) काम करते. शिवाय माझ्या सख्ख्या जावेचं हेच प्रकरण मी स्वतः लढवलंय.

पहिलं सांगणं, त्या कार्डावर आज सही करू नका. अशा बऱ्याच कार्डांत व्याज माफ नसतं, नुसतं थांबवलेलं असतं. १८ महिने संपताना थोडी जरी बाकी राहिली, तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं.

आता नकाराचं पत्र आणि त्यासोबत सर्जनने पाठवलेला अर्ज काढा, त्यातले कोड (प्रत्येक सर्जरीचा ठरलेला आकडा) बघा. १५८३० म्हणजे पॅनिक्युलेक्टमी, लोंबणारी कातडी कापून काढणं, एवढंच. १५८४७ हा त्यावर लावायचा जादा कोड, आपण ज्याला टमी टक म्हणतो त्याचा: बेंबी नव्या जागी बसवणं, सैल पडलेले स्नायू शिवून घेणं. पहिल्याला अटी पुऱ्या झाल्या तर बरेच विमे पैसे देतात, दुसऱ्याला जवळजवळ कोणीच देत नाही. ऑफिसं दोन्ही एकाच अर्जात घालतात आणि मग सगळंच ‘कॉस्मेटिक’ होऊन परत येतं. तुमच्या १६,००० मध्ये टमी टक धरलाय का, हेही विचारा.

तुम्ही शंभर पौंड उतरवले याचं विमा कंपनीला काही नाही. ती बघते चार गोष्टी. घडी ओटीपोटाच्या हाडापर्यंत किंवा त्याखाली आली आहे का, हे फोटोंत दिसायला हवं: समोरून, बाजूने आणि घडी उचलून. चट्टे डॉक्टरांच्या औषधाने निदान तीन महिने, काही कंपन्यांत सहा महिने, उपचार करूनही परत येतात का. वजन सहा महिने स्थिर आहे का. आणि बॅरिअॅट्रिक (वजन उतरवायच्या) सर्जरीला वर्ष-दीड वर्ष उलटलंय का. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘मेडिकल पॉलिसी’ या नावाखाली हे सगळं छापलेलं असतं. तुमच्या कंपनीचं छापून घ्या आणि एकेका ओळीपुढे आपल्याकडे काय पुरावा आहे ते लिहा. शेवटच्या दोन अटी तुमच्या आधीच पुऱ्या आहेत.

आता जरा नाजूक प्रश्न. चट्टे उठले की तुम्ही काय करता? आमच्या जाऊबाई आईने पाठवलेलं खोबरेल लावायच्या, कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुवायच्या, फारच झालं तर दुकानातून क्लोट्रिमॅझोलची ट्यूब आणायच्या. तीन वर्षं. डॉक्टरांना एकदाही दाखवलं नाही, कारण घडी उचलून दाखवायची लाज. मधुमेहाच्या तपासणीला दर तीन महिन्यांनी जात होत्या, पण याबद्दल अवाक्षर नाही. मी त्यांची फाइल मागवली तेव्हा त्यात चट्टे नव्हतेच. नकार वाचून त्या रडल्या होत्या, पण फाइल बघितल्यावर मला कळलं की वाचणाऱ्याला दुसरं काही दिसलंच नसतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकीला हेच सांगते: दाखवा. लाजेची गोष्ट नाही, ते दुखणं आहे. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतलं कोलॅजेन आणि इलॅस्टिन (तिला घट्ट ठेवणारे धागे) मोडतं, कितीही व्यायाम केला तरी ती आत जात नाही. यात तुमची काही चूक नाही.

तेव्हा प्रायमरी डॉक्टरांची नाहीतर त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. चट्टे असताना जा, बरे व्हायची वाट बघू नका. नोंदीत ‘इंटरट्रायगो’ (घडीतले चट्टे) हे निदान, म्हणजे एल३०.४ हा कोड, आलाच पाहिजे. नुसता एल९८.७, म्हणजे जादा कातडी, असेल तर पुरत नाही. पावडर किंवा मलम प्रिस्क्रिप्शनवर घ्या आणि फार्मसीची पावती जपा. दर महिन्याला पुन्हा जा. चालताना, काम करताना, झोपताना काय त्रास होतो तेही लिहून घ्यायला सांगा. लेझीम सोडावं लागलं, तेसुद्धा.

नकाराच्या पत्रापासून अंतर्गत अपिलाला १८० दिवस असतात. आधी सर्जनना विमा कंपनीच्या डॉक्टरांशी ‘पीअर टू पीअर’ फोन करायला लावा, पुष्कळ ऑफिसं हा फोन आपण मागितल्याशिवाय करत नाहीत. अपीलही फेटाळलं तर बाहेरच्या स्वतंत्र परीक्षणासाठी चार महिने मिळतात. त्यांनी तुमच्या बाजूने निकाल दिला तर कंपनीला तो पाळावाच लागतो. नवऱ्याच्या नोकरीतून विमा असेल तर एचआरला विचारा की प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का, म्हणजे उपचारांचे पैसे विमा कंपनीऐवजी नोकरी देणारी कंपनीच भरते का. नसेल आणि पॉलिसी न्यू जर्सीची असेल, तर हे परीक्षण राज्याच्या बँकिंग आणि विमा खात्यामार्फत होतं.

आम्ही पहिलं अपील हरलो. मग पाच महिन्यांच्या नोंदी जमवून फक्त १५८३० चा नवा अर्ज केला, तो मंजूर झाला. डिडक्टिबल (विम्याआधी आपण भरायचा वाटा) भरावा लागलाच. दंडांच्या आणि मांड्यांच्या कातडीला नाही म्हणाले ते नाहीच म्हणाले.

शेवटी रोखीनेच करायची वेळ आली, तर आधी लेखी ‘गुड फेथ एस्टिमेट’ (खर्चाचा अंदाज) मागा: सर्जन, भूल, हॉस्पिटल, सगळं वेगवेगळं. २०२२ पासून तो तुमचा हक्क आहे. एखाद्याचं बिल त्याच्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त आलं, तर त्यावर दाद मागता येते. हॉस्पिटल ना-नफा असेल तर आर्थिक मदतीचा अर्जही भरा, आपलं उत्पन्न बसणार नाही असं आपणच ठरवू नका.

---

प्रेषक: एक सीपीए (हिशेब आणि कराचं काम करणारा) सभासद

फक्त कराबद्दल लिहितो. कॉस्मेटिक सर्जरी वजावटीत धरत नाहीत. पण २००१ मध्ये टॅक्स कोर्टाने १०० पौंडांहून जास्त वजन उतरवलेल्या एका महिलेची कातडीची सर्जरी वैद्यकीय खर्च म्हणून मान्य केली होती. तो छोट्या दाव्यांतला निकाल आहे, पुढच्यांवर बंधनकारक नाही, तरी डॉक्टरांचं पत्र आणि चट्ट्यांच्या नोंदी असतील तर बाजू भक्कम होते. इथेही तीच फाइल कामाला येते. वजावट उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांवरच्या खर्चालाच मिळते, म्हणून एचएसए किंवा एफएसए, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त बाजूला ठेवलेले पैसे, जास्त उपयोगी. एफएसएची वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, त्यामुळे नोव्हेंबरच्या नोंदणीत ठरवून सर्जरी जानेवारीनंतर घ्या. ४०१के चं कर्ज मात्र शेवटी. नोकरी गेली आणि बाकी मुदतीत फेडता आली नाही, तर ती उत्पन्नात धरली जाते, वर ५९½ वर्षांखाली सहसा १० टक्के दंड.

---

प्रेषक: प्लेन्सबरोचा (न्यू जर्सी) एक सभासद

माझ्या पत्नीने पुण्यात करून घेतली. खर्च खूपच कमी आला, सर्जन उत्तम होते, एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी. पण तीन आठवड्यांत परतलो ही चूक झाली. इथे आल्यावर पोटाच्या कातडीखाली पाणी साठलं आणि दुसऱ्याने केलेल्या सर्जरीला हात लावायला दोन सर्जननी नकार दिला. लांबच्या विमानप्रवासात पायात गाठ व्हायची भीती, ती वेगळीच. जायचं तर दीड-दोन महिने राहायच्या तयारीने जा. तिथल्या मेडिक्लेमवर विसंबू नका, वजनाची आणि कॉस्मेटिक सर्जरी तिथेही सहसा वगळलेली असते.

---

प्रेषक: कार्यकारिणी (त्याच ताईंच्या वतीने)

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद काढून पाहिले, दोन्ही कोड एकाच अर्जात आहेत. १८० पैकी ६१ दिवस गेलेत. माझ्याही फाइलमध्ये चट्ट्यांचा उल्लेख नाही. मीही खोबरेलच लावत होते. गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, आणि सर्जनच्या ऑफिसला फोन करून फक्त १५८३० चा खर्च वेगळा मागितलाय. कार्डाचा फॉर्म परत पाठवते आहे.

एडिसनच्या ताई, तुमच्या जाऊबाईंची हरकत नसेल तर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का? घडी उचललेले फोटो कोणाकडून काढून घेतले, एवढंच विचारायचं आहे.